भाड्यात वाटा, पुरातही वाटा



घरच्या हिशोबाच्या या सदरात आम्ही भिशी, महर, लग्नाचा खर्च अशा विषयांवर लिहीत आलो आहोत. भाड्याच्या खोल्यांवर लिहा, असे वाचक अनेकदा कळवतात. गावात दोन-चार खोल्या बांधून भाड्याने द्याव्यात का, व्याजाचे कर्ज न काढता गाळा कसा घ्यावा, भाडे थकले तर काय करावे, असे त्यांचे प्रश्न असतात. आम्ही हा विषय पुढे ढकलत होतो, कारण त्यात आम्हाला जे थोडेफार कळले ते आमच्या स्वतःच्या चुकीतून कळले. ती चूक लपवून सल्ला देणे बरे नव्हे. म्हणून आज आधी चूक सांगतो, सल्ला नंतर.

आमचे गाव निफाड तालुक्यातले सायखेडा. गाव गोदावरीच्या काठावर, पलीकडे चांदोरी आणि मध्ये पूल. भोवती द्राक्षबागा आणि कांदा. मरहूम अब्बांचे बाजारपेठेत शिवणकामाचे दुकान होते. भिशी लागली की ते एक खोली बांधायला काढत. पुढची भिशी लागेपर्यंत कधी पत्रे राहत, कधी गिलावा राहायचा. अशा रीतीने वीस वर्षांत पाच खोल्या आणि एक गाळा उभा राहिला. खोल्यांत कधी शाळेचे मास्तर राहिले, कधी बँकेतले कारकून, तर छाटणीच्या आणि द्राक्षतोडीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबे. गाळ्यात शेतीच्या औषधांचे दुकान आहे.

२०१३ च्या अखेरीस अब्बांचा इंतकाल झाला. मागे अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. आपा येवल्यात दिलेली, छोटी मालेगावात. चाळिसाव्यानंतर आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज करून नमुना ८ वर आमची दोघांची नावे लावली. बहिणींची नावे लावायची आठवण कोणी केली नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ती व्हायला नको होती. भाडे आम्ही गोळा करत होतो, दुरुस्ती आम्ही करत होतो, अम्मी आमच्याकडे होती. बहिणी ईदला आल्या की साडी-चोळी, मुलांच्या हातात पैसे. हक्क पोचला असे आम्ही समजत होतो.

मामूंचा गाळा

२०१९ च्या जानेवारीत रस्त्याला लागून दुसरा एक गाळा विकायला निघाला. किंमत सहा लाख. आमच्याकडे दोन लाख होते. बँकेत गेलो असतो तर व्याज आले असते, आणि गावठाणातल्या जागेचे कागद पाहून बँकही लवकर तयार झाली नसती. नाशिकला भद्रकालीत आमचे मामू राहतात. आम्ही त्यांच्याकडे चार लाख कर्ज मागितले. मामू म्हणाले, "कर्ज नको. मी भागीदार होतो. चार लाखांपुरता गाळा माझा, दोन लाखांपुरता तुमचा. जसे पैसे जमतील तसा माझा हिस्सा विकत घ्या."

एका कागदावर ते लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. गाळ्याचे भाडे महिना पाच हजार, म्हणजे वर्षाचे साठ हजार. पहिल्या वर्षी त्यातले चाळीस हजार मामूंचे, वीस हजार आमचे. दरवर्षी एक लाखाचा हिस्सा घेत गेलो तर दुसऱ्या वर्षी तीस-तीस हजार, तिसऱ्या वर्षी मामूंचे वीस, चौथ्या वर्षी दहा, आणि मग गाळा सगळा आमचा. हा हिशोब सोपा दिसावा म्हणून किंमत तीच धरली आहे. प्रत्यक्षात दरवेळी हिस्सा घेताना त्या वेळचा भाव दोघांच्या संमतीने ठरवायचा, असे आमच्या कागदात होते. मामूंचे चार लाख काहीही झाले तरी पूर्ण परत मिळतील, अशी हमी त्यात नव्हती. ती दिली असती तर भागीदारी नावापुरती आणि कर्ज खरे, असे झाले असते.

याला घटती मुशारका म्हणतात. मलेशियात आणि आखाती देशांत बँका या पद्धतीने घरे घेऊन देतात. आपल्याकडे बँकांना ती सोय नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. पण हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितले. तेव्हा ही व्यवस्था सध्या नात्यात आणि ओळखीतच करावी लागते. अशा वेळी कागद अधिक नीट हवा. नात्यात कागद मागायला लाज वाटते हे खरे. पण देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, असे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत सांगितले आहे, आणि तिथे नातेवाइकांना सूट दिलेली नाही.

पूर

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदावरीला महापूर आला. २०१६ च्या ऑगस्टमध्येही आला होता, पण हा त्याहून मोठा. वर नाशिकजवळ गंगापूर धरणातून पाणी सुटत होते आणि पाऊस थांबत नव्हता. सायखेडा आणि चांदोरीत पाणी घुसले, घरे आणि दुकाने बुडाली. आमच्या सखल बाजूच्या तीन खोल्यांत छातीएवढे पाणी होते. मामूंच्या भागीदारीतल्या गाळ्यातही पाणी शिरले. फरशी उखडली, शटर वाकले, वायरिंग गेले.

त्या गाळ्याच्या दुरुस्तीला छत्तीस हजार लागले. आम्ही मामूंना फोन केला, पण पैसे मागायला जीभ वळेना. आम्ही काही बोलण्याआधी मामूंनीच विचारले, "किती झाले?" आकडा सांगितल्यावर म्हणाले, "दोन हिस्से माझे. चोवीस हजार पाठवतो. भाड्यात वाटा घेतो तर पुरातही घ्यायला हवा." गाळा बंद होता त्या दोन महिन्यांचे भाडेही त्यांनी मागितले नाही. कर्ज दिले असते तर त्यांचा हप्ता पुरातही चालू राहिला असता. कर्ज आणि भागीदारी यांत फरक काय, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. कळले त्या दिवशी.

सप्टेंबरात आपा गावी आली. चिखल काढलेल्या खोल्या पाहिल्या, मामूंची गोष्ट ऐकली. रात्री जेवणानंतर म्हणाली, "भाईजान, रागावू नका. मामूंना भाड्यात वाटा आहे म्हणून पुरात वाटा आला. अब्बांच्या खोल्यांत आम्हा दोघींना पुरात वाटा तुम्ही मागितला नाही. का?"

आम्ही म्हणालो, "तुमच्याकडून कसा मागायचा? आम्ही भाऊ आहोत."

"मागितला नाही, कारण भाड्यात दिला नाही," ती म्हणाली.

तिच्या मुलीची त्या वर्षी नर्सिंगची फी भरायची होती आणि तिने गळ्यातली साखळी गहाण ठेवली होती. हे आम्हाला तिने सांगितले नाही, नंतर अम्मीकडून कळले. आम्ही मात्र त्या रात्री दुरुस्तीचे आकडे काढून बसलो. दोन पुरांत आम्ही इतका खर्च केला की कोणाचे काही देणे निघतच नाही, असे आम्हाला दाखवायचे होते. अम्मी आतून म्हणाली, "तोंडी नको. वही आणा."

वही

शरीअतप्रमाणे आधी दफनाचा खर्च, मग मय्यतचे कर्ज, मग वसीयत असल्यास ती एक तृतीयांशापर्यंत, आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. अब्बांवर कर्ज नव्हते, वसीयत नव्हती. आई-वडील आधीच गेलेले. मुले असताना विधवेला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. पूर्ण मिळकतीचे ४८ भाग केले तर अम्मीचे ६, आम्हा दोघांचे प्रत्येकी १४ आणि बहिणींचे प्रत्येकी ७. १९३७ च्या शरीअत कायद्याने अशा घर-मिळकतीत देशाचा कायदाही हेच हिस्से मानतो.

जानेवारी २०१४ ते डिसेंबर २०१९ या सहा वर्षांत अब्बांच्या खोल्यांचे आणि गाळ्याचे हाती आलेले भाडे ८,९०,००० रुपये निघाले. घरपट्टी, रंग, पत्रे, दोन पुरांची दुरुस्ती असा सगळा खर्च २,१८,०००. उरले ६,७२,०००. त्याचे ४८ भाग केले की एक भाग १४,००० चा. म्हणजे अम्मीचे ८४,०००, आणि प्रत्येक बहिणीचे ९८,०००. पुराचा खर्च वजा जाऊनही. आम्ही आकडे दोनदा तपासले. आपा आणि छोटी, दोघींचे मिळून १,९६,००० रुपये आम्ही सहा वर्षे वापरले होते.

आमच्यातला एक जण म्हणाला, "अम्मीचे तर माफच आहेत ना?" अम्मी म्हणाली, "आधी लिहा. माफ करायचे की नाही, ते मी ठरवीन." पुढे तिने तिचे पैसे माफ केले नाहीत. खोल्यांची जोती उंच करायला ते दिले आणि तसे वहीत लिहायला लावले.

इथे आमच्या वाचक भगिनींना एक सांगायचे आहे. पुष्कळ घरांत अशा वेळी बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. सही केली नाही तर माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. खुशीने सोडलेला हक्क वेगळा आणि भीतीने केलेली सही वेगळी. आधी हिस्सा आकड्यात सांगा, शक्यतो हातात द्या, मग तिला हवे तर ती परत करील. आमच्या बहिणींनी परत केला नाही आणि त्यांनी बरोबर केले.

जानेवारी २०२० पासून आम्ही दोघांनी आमच्या वाट्याचे भाडे, म्हणजे महिना सात हजार, बहिणींना द्यायला सुरुवात केली. त्याशिवाय त्यांचा चालू वाटा वेगळा. २८ हप्त्यांत देणे फिटायला हवे होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली. मजूर कुटुंबे गावी निघून गेली, दुकाने बंद पडली. एप्रिलमध्ये किमान तीन महिने भाडे पुढे ढकलावे, अशी सूचना राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना केली. आमच्याकडे सहा महिने भाडे नीट आलेच नाही. बहिणींना वही दाखवली. छोटी म्हणाली, "आले नाही तर नाही. वाटा म्हटला की असेच." २८ हप्ते ३४ महिन्यांत, ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण झाले.

आता आम्ही काय करतो

आज पाच खोल्यांचे प्रत्येकी २,२०० आणि अब्बांच्या गाळ्याचे ५,००० असे महिन्याचे १६,००० रुपये भाडे आहे. त्यातले चार हजार आधी बाजूला पडतात. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि रिकाम्या महिन्यांची तरतूद होते. बारा हजार वाटले जातात: अम्मीला १,५००, आम्हाला ३,५०० प्रमाणे, बहिणींना १,७५० प्रमाणे. ज्या महिन्यात भाडे कमी येते त्या महिन्यात सगळ्यांचेच कमी होते. वहीचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो. नवी खोली घेणाऱ्याला आमचे सांगणे एवढेच, की बारा महिन्यांचे भाडे गृहीत धरू नका. नऊ-दहा महिन्यांवर हिशोब बसत असेल तरच हात घाला.

अनामत रक्कम ही अमानत आहे. आम्ही पूर्वी ती घरात वापरून टाकत असू. पुरानंतर एक भाडेकरू खोली सोडून निघाला तेव्हा त्याचे पाच हजार द्यायला आमच्याकडे नव्हते. ज्याचे सगळे सामान वाहून गेले त्याला आम्ही "पुढच्या महिन्यात" म्हणालो. ती लाज अजून जात नाही. आता अनामतीचे खाते वेगळे आहे, त्याला कोणी हात लावत नाही.

कागदाचे बघा. नमुना ८ ही ग्रामपंचायतीच्या करआकारणीची नोंद आहे, केवळ त्यावर मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या गावात मोजणी झाली असेल तर सगळ्या वारसांची नावे लागली आहेत का ते पाहा. आमच्याकडे आता पाचही नावे आहेत. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी आधी खऱ्या धरल्या जातात. लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. एवढ्यासाठी वर्षांचे भांडण विकत घेऊ नये. भाडेकरूची माहिती आम्ही सायखेडा पोलीस ठाण्यातही देतो.

करारात आम्ही पुराची एक ओळ घातली आहे: पाण्यामुळे खोली राहण्याजोगी नसेल तेवढ्या दिवसांचे भाडे नाही. विजेचे बोर्ड आता डोक्याच्या उंचीवर आहेत. नदीकाठची जागा विकत घेणार असाल तर पाटबंधारे खात्याकडे पूररेषा विचारा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आतला गाळा स्वस्त मिळतो तो पाण्यामुळेच.

भाडेकरू निवडताना पैसे वेळेवर देईल का आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही ना, एवढेच विचारावे. शहरात नाव ऐकून आपल्या मुलांना खोली नाकारली जाते, ते दुःख आपल्याला माहीत आहे. आपल्या दारात आलेल्याला आपण तेच करू नये. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये. कायद्याला ते चालत नाही आणि मजुराचे मूल अंधारात बसवून आलेल्या पैशात बरकत कसली?

जकातीबद्दल नेहमी विचारणा होते. भाड्याने दिलेल्या खोलीच्या किमतीवर जकात नाही. हाती आलेले भाडे खर्चून जे शिल्लक राहते ते आपल्या इतर शिलकीत मिळवावे. ती निसाबइतकी असेल आणि चांद्रवर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये हाच निर्णय दिला आहे. मात्र नफ्याने विकण्यासाठीच घेतलेल्या गाळ्याचा मसला वेगळा, तो आपल्या आलिमांना विचारावा. आयकरातही हिस्से ठरलेले असतील तर प्रत्येकाचे भाडे त्याच्या त्याच्या उत्पन्नात धरतात. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर दुरुस्ती वगैरेसाठी तीस टक्के सूट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो.

मामूंचा गाळा टाळेबंदीमुळे दोन वर्षे उशिरा आमचा झाला. शेवटचा हिस्सा घेतला त्या दिवशी मामूंनी त्यांच्याकडचा कागद परत दिला. आपाने तो वहीत चिकटवून ठेवला आहे. वही आता तिच्याकडे असते. दर महिन्याच्या पाच तारखेला ती येवल्याहून फोन करते, "भाईजान, तीन नंबरच्या खोलीचे भाडे आले का?" कधी कधी आम्हाला उत्तर देताना ओशाळायला होते, कारण मागायला जायचे राहिलेले असते. पण मागच्या पावसाळ्यात दोन खोल्यांचे पत्रे उडाले, तेव्हा आम्ही सांगायच्या आधीच दोघी बहिणींनी आपापल्या भागाचे पैसे पाठवले होते. बरोबर ४८ तले सात-सात.

ज्या घरात मरहूम वडिलांच्या खोल्यांचे भाडे एकाच खिशात जाते आहे, त्यांनी हा अंक मिटण्याआधी एक वही काढावी आणि पहिल्या पानावर सगळ्या वारसांची नावे लिहावीत. आकडे नंतर येतील. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.